आवाज पाचपैकी पाच

१९ मे

आज नवरा स्वतःहून बोलला! मीठ दे, किल्ली कुठंय, गॅसवाला आला होता का, याच्या पलीकडचं आख्खं वाक्य. ताटाकडे बघत म्हणाला, "घाटात मोबाइल लागत नाही. गाडीत एक आणि घरात एक असे वायरलेस सेट बसवू या का? तुला कळतं त्यातलं."

कळतं त्यातलं! एकतीस वर्षं अग्निशमन दलाच्या वायरलेस खोलीत कानाला हेडफोन लावून बसले, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा कुठे याला शोध लागला. चार वर्षांपूर्वी लागला असता तर! माझी आई गेली तेव्हा हा औषधांची खोकी घेऊन डोंगरापलीकडच्या दवाखान्यांच्या फेरीवर. गाडी बिघडून तिकडेच अडकला. मी फोन करकरून थकले. दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलाच्या बुटांनी दारात उभा. "आता कशाला आलात?" एवढंच म्हणाले होते मी. तेव्हापासून आमच्यात कामापुरतं.

"बघते," म्हटलं आणि ताट उचललं.

२० मे

लेकीचा फोन. "बाबा म्हणत होते सेटचं. लाव ना गं आई. एवढ्या आगी सांभाळल्यास, बाबांचा एक सेट काय जड आहे?" म्हणजे आधी लेकीशी मसलत झाली. माझा नंबर नंतर. नेहमीचंच.

२४ मे

दुकानात गेलो. शेजारी शेजारी उभे, अनोळखी गिऱ्हाइकांसारखे. दुकानदार पोरसवदा नव्हता, चांगला पिकल्या मिशांचा होता, पण थापा कोवळ्या. हातात धरायचे दोन सेट पुढे केले. "पन्नास किलोमीटर! खोक्यावर लिहिलंय बघा."

"मध्ये डोंगर असला तर?"

"तर... थोडं कमी."

"थोडं म्हणजे पन्नासाचे दोन होतात," मी म्हटलं. "तेही तुम्ही गच्चीवर चढून बोललात तर."

नवरा तोंड फिरवून कॅल्क्युलेटरचं कपाट बघत बसला. हसत होता बहुधा. मला काय!

मग मी सांगितलं आणि दुकानदाराने मुकाट्याने लिहून घेतलं. गाडीत कायमचा बसवायचा, चांगला पंचवीस वॅटचा. घरात तसाच, आणि गच्चीवर उंच एरियल. उघड्या रस्त्याला आणि डोंगराळ भागाला चालेल अशा पट्ट्यातला. इमारतींच्या आत वापरायचा नको. परवान्याचा अर्जही मीच भरला. "वापराचं कारण" या रकान्यात लिहिलं: वाहनचालकाशी संपर्क. बायकोने नवऱ्याशी बोलणे असा रकाना नव्हता.

१४ जून

परवाना आला, सेट आले. "गाडीतला मी बसवतो," म्हणाला. बसव बाबा!

तासाभराने बघायला गेले तर कपाळावर हात मारायची पाळी. एरियलच्या बुडाला लोहचुंबक असतं, टपावर ठेवलं की चिकटतं. आमच्या गाडीचा मागचा डबा ॲल्युमिनियमचा! चिकटणार कसं? तर याने एरियल सुतळीने बांधलेलं. वर सेटची वायर सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसलेली. इंजिन चालू केलं की आवाजामागे डास गुणगुणतो तसं व्हायला लागलं.

"बॅटरीपासून थेट घ्यायची असते वायर. मध्ये फ्यूज. एरियल पुढे, चालकाच्या डोक्यावरच्या पत्र्यावर. तो लोखंडी आहे."

"हो का," म्हणाला. आणि पाना धरून उभा राहिला, मी सांगेन ते करत. चार वर्षांत दोन तास एका जागी असे पहिल्यांदाच उभे राहिलो असू. मी बायकोच्या आवाजात बोलत नव्हते, ड्यूटीच्या आवाजात बोलत होते. ते सोपं जातं.

१५ जून

गच्चीवरचं एरियल. वर चढायला माणूस बोलावला, खालून आरडाओरडा माझा. झालं एकदाचं.

१८ जून

पहिली चाचणी. मी घरी वही घेऊन, तो रस्त्यावर. दर ठिकाणी ठरल्या वेळी थांबून हाक द्यायची, मी आवाजाला पाचपैकी आकडा द्यायचा. आमच्या वायरलेस खोलीत असंच चाले.

पूल: पाच. घाटाचा पायथा: चार. तिसरं वळण: तीन, थोडी खरखर. सातव्या वळणानंतर डोंगर आडवा येतो— काही नाही. पहिला दवाखाना: एक, शब्द कळेनात. दुसरा: काही नाही. तिसरा उंचावर आहे, चाळीस किलोमीटर, तरी दोन! नवल वाटलं.

बोलणं कसं? तर "पोचलो. ओव्हर." "आकडा दोन. ओव्हर." बस्स. कोणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, दोन सरकारी कचेऱ्या बोलतायत.

२ जुलै

रोज नऊला निघतो, तीनला परत. मधे पाच-सहा हाका. मी वहीत वेळ नि आकडा टाकते. सवय मोडत नाही.

९ जुलै

आज हाक देऊन थांबला नाही. "तिसऱ्या वळणावर एक गाढव आडवं बसलंय. हॉर्न देतो तर माझ्याकडे बघतं. मालक म्हणतो, थांबा, त्याचा मूड नाही. ओव्हर."

मी बटण दाबलं. "त्याला आकडा किती देऊ? ओव्हर," म्हटलं.

पलीकडून हसण्याचा आवाज. खरखरीतून. मलाही हसू आलं. हा माणूस हसतो हे मी विसरले होते.

तीनला घरी आला. मला वाटलं, गाढवाचं पुढचं सांगेल. किल्ली खुंटीला लावली, हात धुतले, पेपर उघडला. मीही काही विचारलं नाही. मी का विचारू?

१७ जुलै

दरीत धुकं होतं म्हणे. पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटलं म्हणे. तिसऱ्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, "गाडीत बसून कोणाशी बोलता हो?" तर म्हणाला, "सांगितलं, घरी. ओव्हर."

आकडा दोन. पण शब्द न् शब्द कळला.

१९ जुलै

रविवार. फेरी नाही. दिवसभर समोरासमोर. सहा वाक्यं झाली, मी मोजली.

२९ जुलै

लेक विचारते, "काय, बोलता की नाही आता?" म्हटलं, बोलतो की. तो डोंगरात असला की बोलतो. घरात असला की कटकट नको म्हणून गप्प. ती हसली. हसण्यासारखं नाही ते. संसार केला चौतीस वर्षं आणि नवऱ्याशी बोलायला मध्ये डोंगर लागतो! ज्याचं करावं भलं... जाऊ दे.

५ ऑगस्ट

पायरी उतरताना कठड्याला धरून उतरला. डावा गुडघा सुजलाय. दिसलं मला. विचारलं नाही. मला ताप आला होता दोन वर्षांपूर्वी, तेव्हा याने कुठे विचारलं होतं?

१० ऑगस्ट

"तिसरा दवाखाना. खोकी उतरवतोय. ओव्हर."

आकडा पाच. लिहिला आणि पेन थांबलं. पाच? तिसऱ्या दवाखान्याहून?

१३ ऑगस्ट

हवेमुळे कधी कधी लांबचा आवाज चांगला येतो. एखाद्या दिवशी. आज चौथा दिवस. सातव्या वळणानंतर जिथे काही नाही असायला हवं, तिथून पाच! काचेवर थेंब पडावा इतका स्वच्छ. खरखरीचा मागमूस नाही.

गच्चीवर जाऊन एरियल बघितलं, वायर चाचपली. सगळं होतं तसंच. बिघाड माझ्याकडे नाही.

१९ ऑगस्ट

सलग नऊ दिवस. पूल पाच, वळण पाच, दवाखाने तिन्ही पाच. मी एकतीस वर्षं सिग्नल ऐकलेत. एकदा एक बंबाचा चालक "आगीपाशी पोचलो" म्हणून सांगत होता आणि चहाच्या टपरीवर बसला होता. त्याला मी आवाजावरून पकडला होता. माणसाला खोटं बोलता येतं, सिग्नलला नाही येत.

हा डोंगरात नाही. हा इथेच आहे. दोन-तीन किलोमीटरच्या आत.

कोणाकडे?

२१ ऑगस्ट

एकसष्टाव्या वर्षी! गुडघा धरून जिने चढत असेल कोणाचे तरी! आणि त्या घरातून खाली येऊन, गाडीत बसून मला सांगतो, दरीत धुकं आहे. नर्सबाई परवडली, निदान डोंगरापलीकडे होती!

मला राग कशाचा येतो? चार वर्षं मीच बोलत नव्हते, मग तो कुठेही जाईना का. पण गाढवाची गोष्ट खरी मानून मी हसले. त्याचा येतो राग. माझं हसू फुकट नेलं.

२७ ऑगस्ट

आज म्हणाला, "पाऊस थांबलाय इकडे. डोंगर धुऊन ठेवल्यासारखा दिसतोय. तू असतीस तर... ओव्हर."

दोनदा हाक दिली त्याने. तिसऱ्यांदा दिल्यावर म्हटलं, "ऐकलं. आकडा पाच. ओव्हर."

तरी समजला नाही. आकडा पाच म्हणजे काय, हे त्याला कधी सांगितलंच नव्हतं मी नीट. मठ्ठ!

४ सप्टेंबर

जेवताना बघत होते त्याच्याकडे. शर्टाला सेंट नाही, केस कापलेले नाहीत, बुटांवर धूळसुद्धा नाही. बाईकडे जाणारा माणूस असा दिसतो? मला काय ठाऊक! मी कधी कुठे गेले?

१० सप्टेंबर

पुरे झालं. उद्या औषध भांडारात जाते. हा तिथून खोकी भरून निघतो किती वाजता, ते विचारते. मग मागोमाग. तोंडावर विचारेन, त्या बाईसमोर.

११ सप्टेंबर

हा नऊला निघाल्यावर भांडारात गेले.

भांडाराचा स्टोअरकीपर मला ओळखतो. उठून उभा राहिला. "या वहिनी! साहेब बरे आहेत ना? बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत."

म्हटलं, "आज फेरीला गेलेत ना?"

त्याने खुर्ची पुढे केली. "वहिनी, फेरी कुठली? ती बंद झाली. मोठ्या गोदामाची गाडी आता थेट दवाखान्यांत जाते. साहेबांची शेवटची फेरी सोळा मे. मीच खोकी मोजून दिली होती."

सोळा मे.

"मी म्हटलं त्यांना, घरी सांगा, मोकळे व्हा. तर म्हणाले, घरी आमचं बोलणं होत नाही."

परत आले ते चपलांसकट आत. ही वही काढली. सेटचं तो बोलला एकोणीस मेला. फेरी बंद होऊन तीन दिवस झाले होते. ज्या माणसाला कुठेच जायचं नव्हतं, त्याने मला सेट लावायला सांगितला.

मग आकड्यांची वही काढली. जून, जुलै: तीन, एक, काही नाही, दोन. खरे आकडे. म्हणजे दोन महिने हा रिकामी गाडी घेऊन रोज घाट चढत होता. दवाखान्यात द्यायला काही नाही, आणायला काही नाही. वळणावर थांबायचं, मला हाक द्यायची, पुढे जायचं. गाढव खरं होतं. धुकंही खरं होतं. नंतर गुडघा सुजला, क्लच दाबवेना. तेव्हा इथेच कुठेतरी भिंतीला गाडी लावून बसायला लागला असेल, नऊ ते तीन. आणि जे दोन महिने बघून ठेवलं होतं ते मला थोडं थोडं सांगत असेल.

लाज वाटते. रागही येतो, अजून येतो! एवढं नाटक कशाला? समोर बसून सांगायला काय झालं होतं? पण सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? "आता कशाला सांगताय?" म्हणाले असते. मला माहीत आहे मी. त्यालाही माहीत आहे.

तीनला आला. किल्ली खुंटीला लावली. मी भांडी घासत बसले. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल, भरवसा वाटेना.

१२ सप्टेंबर

अकरा वीस. "तिसरा दवाखाना. खोकी उतरवतोय. ओव्हर."

मी बटण दाबून धरलं. "खोकी राहू द्या. गुडघा दुखत असेल. घरी या. ओव्हर."

पलीकडून, "कधी?" ओव्हर म्हणायला विसरला.

"आत्ता," म्हटलं.

तिसऱ्या दवाखान्यापासून आमचं दार चाळीस किलोमीटर. मध्ये आख्खा घाट. चार मिनिटांत आला.