जावयांच्या बिअरला दहापैकी दहा

तीर्थरूप अक्का,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि तुमच्या मागच्या दाराची कडी, या तिन्हींची खुशाली लगेच कळव. मागच्या पत्रात तू तिन्हींबद्दल काहीच लिहिलं नाहीस, तेव्हापासून माझ्या मनात भलभलत्या शंका येतात. (कडी बसवून घे. दार नुसतं लोटून झोपू नका.) माझी तब्येत बरी म्हणायची. डॉक्टरांच्या मते रक्तदाब ठीक आहे, पण डॉक्टर तरुण आहेत आणि कायम घाईत असतात.

आता पुढचं बसून वाच. मी बिअर पितो. दचकू नकोस, हौस म्हणून नाही, घरातलं एक काम म्हणून पितो. जावयांनी ऑफिसातली नोकरी सोडून घराच्या तळमजल्यावर, जिथं पूर्वी टायरांचं दुकान होतं तिथं, बिअर बनवायचा उद्योग काढलाय हे तुला ठाऊकच आहे. कारखान्यातली नव्हे, हातची. क्राफ्ट बिअर म्हणतात तिला, आणि ती म्हणे दर ऋतूला वेगळी करायची असते. (का, ते मी विचारलं होतं. उत्तर बराच वेळ चाललं होतं.) आधी बाटल्यांतून चार-पाच नमुने करायचे, घरच्यांनी ते चाखून कार्डावर गुण द्यायचे, आणि ज्याला जास्त गुण पडतील तो मोठ्या टाकीत. हे चाखायचं काम माझ्या गळ्यात का पडलं, तर मी जन्मभर रबरी चपलांच्या कारखान्यात माल तपासत होतो म्हणून. जावई म्हणाले, "बाबा, माल पारखणारा माणूस घरात असताना बाहेरचा कशाला?" अगं, मी डावी-उजवी जोडी बघायचो! पट्टा ओढायचा, सुटला तर नापास, टिकला तर पास. चपलेला दहापैकी साडेसहा दिल्याचं मला तरी आठवत नाही. इथं रंगाचे गुण वेगळे, वासाचे वेगळे, फेसाचे वेगळे, आणि घोट गिळून झाल्यावर तोंडात जे मागे राहतं त्याचेही वेगळे. माझ्या तोंडात मागे राहते ती कवळी. तिला काय गुण देऊ?

पहिल्यांदा वसंत ऋतूतली चाखली, ती फुलांची होती. पहिल्या घोटालाच मला अंगाला लावायच्या साबणाची आठवण झाली. पण समोर जावई, फडक्याला हात पुसत, माझ्या तोंडाकडे बघत उभे. आता तूच सांग, मुलीच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेली, स्वतः ओतून दिलेली वस्तू, तिला सासऱ्यानं पाच गुण द्यायचे? तेही त्यांच्याच घरात, त्यांच्याच खुर्चीवर बसून? मी दहा लिहिले. मग शेजारच्या बाटलीला कमी दिले तर ते डोळ्यांवर येईल म्हणून तिलाही दहा. तिसरीत काहीतरी तरंगत होतं. तिलाही दहा. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत थांबलेलं नाही.

उन्हाळ्यात त्यांनी टरबुजाची केली. अक्का, टरबूज किती गरीब फळ गं! कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचे या माणसानं जे हाल केले (जावयांनी म्हणायचं होतं, रागात लिहून गेलो) ते मला लिहवत नाहीत. या खेपेला मी मन घट्ट केलं आणि नऊ दिले. फक्त नऊ! त्या दिवशी जावई जेवले नाहीत. टाकीशेजारी उकिडवे बसून राहिले. मुलगी दवाखान्यातून आली (दातांच्या डॉक्टरकडे असते ती, विसरली असशील), कार्ड बघितलं आणि थेट माझ्या खोलीत. "बाबा, नऊ? आमचं काही चुकलं का? तुम्हाला इथं काही कमी पडतंय का?" मी घाबरून म्हणालो, पेन अडकलं होतं, दहाच लिहायचे होते. मग खाली जाऊन दहा केले, आणि झालेली चूक भरून निघावी म्हणून खाली 'अप्रतिम' असं लिहिलं. (शेजारच्या मास्तरांना विचारून लिहिलं. शुद्ध आहे.)

झालं, 'अप्रतिम' वाचून त्यांनी टाकी काठोकाठ भरली. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला, जो आपला सगळा माल उचलतो, त्यानं ती पिंपांत भरून नेली आणि त्याच आठवड्यात हातगाडीवर घालून परत आणली. रस्त्यात उभा राहून ओरडत होता, "ही बिअर आहे का खोकल्याचं औषध? औषध असेल तर निदान खोकला तरी थांबायला पाहिजे!" खाली जागा नाही म्हणून ती सगळी पिंपं माझ्या खोलीत ठेवली. माझी खाट आता पिंपांच्या मधोमध आहे. चष्मा ठेवतो पिंपावर, औषधं पिंपावर, पंचा वाळतो पिंपावर. खिडकीजवळचं एक पिंप मधूनच फुस्स करतं. त्याच्याकडे पाठ करायचा मला धीर होत नाही, आणि तोंड करून झोपवतही नाही. जावई मात्र येता-जाता म्हणतात, "लोकांना नाही कळली, पण बाबांना कळली."

इथवर मी सोसलं असतं. पण आता प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. हॉटेलवाल्यानं स्वच्छ सांगितलंय की हिवाळ्याची बिअर खपली तर ठीक, नाहीतर पुन्हा दारात उभं राहायचं नाही. म्हणजे टाकी विकायची, जावयांनी परत नोकरी धरायची, तीही मिळेल त्या गावात, आणि मुलीनं दवाखाना सोडून मागोमाग जायचं. मुलगी हल्ली भांडी जोरात ठेवते. हिवाळ्याचे नमुने झालेत. त्यातली एक धुराची. जवाला पत्र्यावर धुरी देऊन केलीय. जावयांचे डोळे लाल झाले होते, मिशीला अजून वास येतो. तिची चव जळलेल्या दोरखंडासारखी. मी जळका दोरखंड कधी चाखलेला नाही, पण आता मला त्याची गरज राहिली नाही. दुसरी एक आहे, ओळखायला गळ्याला हिरवा दोरा बांधलाय. साधीच. जव, थोडं आलं, बहुतेक संत्र्याचं साल. अक्का, ती प्यालो आणि आपण गुण द्यायला बसलोय हेच विसरलो. पेला रिकामा झाला तेव्हा पेन हातात असल्याचं ध्यानात आलं. अशी वस्तू हॉटेलवाल्यानं नेली तर परत आणायचा नाही, हे मला, चपलेवाल्यालासुद्धा, कळलं.

आणि मग मी काय केलं? हिरव्या दोऱ्याला दहा दिले. दुसरं होतं काय माझ्याजवळ? धुराचीला त्याआधीच दहा देऊन बसलो होतो, वर त्या लाल डोळ्यांची दया येऊन दहाच्या पुढे अधिकची खूणही केली होती. तेव्हा अर्थातच शनिवारी टाकीत धूर पडणार. मी जीभ भाजल्याचं सोंग केलं, गुण रद्द करा म्हणालो. मुलीनं दवाखान्यातली बॅटरी आणून माझी जीभ तपासली आणि "काही झालेलं नाही, उगाच घाबरता," म्हणाली. मग मी तिलाच आडून विचारलं की तुला धुराची कशी वाटते. तर म्हणते, "मला घोटभरही जात नाही. पण तुम्ही दहाच्या वर दिलेत, मग माझंच तोंड बिघडलं असेल." आता मी डोकं कुठं आपटू? सगळीकडे पिंपं.

आणखी काय लिहू. भावोजींना नमस्कार सांग, बिअरचं सांगू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. – पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. शनिवारच्या आत इकडे निघून ये. तुला आजवर कुणाचं काही आवडल्याचं मी ऐकलेलं नाही. माझ्या लग्नात सगळे वाहवा करत होते तेव्हा तू म्हणालीस, "आटोपलं एकदाचं." तुझ्या बोलण्याला वजन आहे, माझं हलकं झालंय. नुसतं ओठाला लाव, गिळू नकोस. धुराचीला जे तोंडाला येईल ते बोल. हिरव्या दोऱ्याला "चालेल" म्हण. तुझं एक "चालेल" माझ्या सगळ्या दहांना भारी पडेल.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात जावई वर आले. पिंपावर बसले. बराच वेळ चष्म्याची डबी उघडझाप केली आणि म्हणाले, "बाबा, रागावू नका. टरबुजाची मला स्वतःला आवडली नव्हती. धुराचीही नाही आवडत. पण तुम्ही इतक्या कौतुकानं गुण देता, तुमचं मन कसं मोडू?" अक्का, मी तोंड उघडलं आणि खरं सांगतो, सवयीनं "छे छे, उत्तमच आहे" असंच निघालं. ते मान हलवून उठले. कोनाड्यात हिरव्या दोऱ्याची उरलेली बाटली होती, ती त्यांच्यासमोर पेल्यात ओतली, सगळी प्यालो आणि रिकामा पेला पुढे धरला. आकडा काही बोललो नाही. ते पेल्याकडे बघतच राहिले. "बाबा," म्हणाले, "तुम्ही आजवर दुसऱ्यांदा कधी मागितली नव्हती."

ता. क. शेवटचा – आत्ता मुलगी जिन्यातून ओरडून विचारत होती की हिरव्या दोऱ्याला खरे किती, खरे! मी खाटेची कड घट्ट धरून म्हणालो, आठ. आलं जरा जास्त झालंय. खाली आता दोघंही हसताहेत. जावई टाकी घासायला घेताहेत असा आवाज येतोय. जन्मात पहिल्यांदा नवाच्या खाली उतरलो आणि घरात आनंदीआनंद! या लोकांचं मला काही कळत नाही. तू यायची घाई करू नकोस. आलीसच तर चाखायला बसू नकोस, तू सहा देशील, आणि आम्हाला आठ पुरेत.