लाइट बिलावरचं नाव

२ ऑक्टोबर, दसरा
आज माझ्या घरात आले. माझ्या! अकोल्यात तीस वर्षं भाड्यानं काढली, सात घरमालक पाहिले. सातही जणांनी दारात उभं करून विचारलं : माणसं किती, पाहुणे किती, मटण शिजवता का, नवरा काय करतो. नवरा गेल्यावर तर विचारूच नका. मी पदर सावरून सगळं सांगायची, जी लावून. आता अंगणवाडीची नोकरी संपली, हाती आलं ते सगळं या अमरावतीच्या घरात घातलं. खाली दोन खोल्या, वर एक. शेजारच्या केशरबाईंचा भाजीचा ठेला आहे. त्यांनी आपट्याची पानं हातावर ठेवली आणि गरम गिला वडा आणून दिला. पोट भरून खाल्ला. वरची खोली भाड्यानं द्यायची आहे. आता प्रश्न मी विचारणार.

५ ऑक्टोबर
लेक प्रणाली फोनवर म्हणाली, आई, चेहरा पाहून खोली देऊ नको, पत तपास. त्याची एक साइट आहे. घरमालकानं खातं काढायचं. भाडेकरूच्या मोबाइलवर सहा आकडे येतात. ते त्यानं सांगितले की झाली संमती, मग त्याची कर्जं, हप्ते, जामीनकी, सगळी कुंडली समोर.

पण मालकीचा पुरावा म्हणून लाइट बिल मागतात, आणि बिल अजून वामनरावांच्या नावावर! हे आधीचे मालक, दोन वर्षांपूर्वी वारले, मुलानं घर मला विकलं. घर घेतल्यापासून नाव बदलायला वीज ऑफिसच्या तीन चकरा झाल्या. एकदा साहेब मीटिंगमध्ये. एकदा सर्व्हर डाऊन. एकदा म्हणे मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स चालत नाही, मूळ आणा. डोकं फिरलं माझं. शेवटी वामनरावांच्याच नावानं खातं काढलं. अर्ध्या गावाची बिलं मेलेल्यांच्या नावानं येतात, कोणाचं काय अडलं?

८ ऑक्टोबर
करिश्मा नावाची नर्स आली होती. गोड पोरगी. अहवाल काढला तर भावाच्या कर्जाला जामीन राहिलेली, भावानं थकवलं, डाग हिच्या नावावर. नाही म्हणून टाकलं. तिचा चेहरा एवढासा झाला.

खरं लिहायचं तर माझ्या अहवालातही हेच निघेल. आमच्या गजेंद्रच्या ट्रॅक्टरला मीच जामीन होते आणि भाऊराया हप्ते बुडवून बसला. पण मला कोण तपासणार? घर माझं आहे.

११ ऑक्टोबर
मोर्शीचा नितेश काल खोली पाहून गेला. एमआयडीसीत नोकरी, अहवाल स्वच्छ. आज फोनवर म्हणतो, तुमच्या घरमालकांनी नाही म्हटलं काकू. कोण घरमालक? म्हणे दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला, चपला कशा झिजतात विचारत होते. मी ओरडलेच, अरे मालकीण मी आहे! त्यानं फोन ठेवला. आता पुन्हा नवा माणूस शोधा.

शिवाय दाराबाहेरच्या माझ्या चपला कोणी तरी उलट्या करून ठेवतं. दोनदा झालं. गल्लीत कुत्री कमी नाहीत.

१३ ऑक्टोबर
कुत्री माठाचं झाकण काढून बाजूला ठेवत नाहीत.

केशरबाईंना सांगितलं तर त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, वामनराव लय चिकित्सक बुढा होता. भाडेकरूच्या चपला उलट्या करून तळ पाहे, माठात डोकावून पाहे, मंग कागद मागे. पसंत नसला तं बोले नाही. बाहेरून आपलं कुलूप घालून चालता होये, माणूस अंदर असला तरी.

१४ ऑक्टोबर
मोबाइलवर संदेश आला. “घरमालक वामनराव यांना आपला पत-अहवाल पाहायचा आहे. संमतीसाठी हे सहा आकडे सांगा.”

भाडेकरूच्या जागी माझं नाव. शकुन. पत्ता याच घराचा.

मी पाठवलेला नाही. साइट उघडलीच नव्हती.

१५ ऑक्टोबर
खातं बंद करायला साइटवाल्यांना फोन केला. बाई म्हणे खातेदारानं स्वतः बोलावं लागेल. खातेदार मेला आहे, म्हटलं. मग मृत्यूचा दाखला जोडा. मूळ.

वामनरावांच्या मुलाला फोन केला. उचलत नाही. आज अकरा संदेश आले. प्रणाली म्हणते, आकडे कोणालाच सांगू नको, फसवणूक असेल. ती पुण्यात बसली आहे, तिला काय जातं बोलायला. नाहीच सांगणार. सांगितले तर गजेंद्रचा डाग दिसेल, आणि मग —

१६ ऑक्टोबर
वीज ऑफिस. दिवाळीच्या आधी जमणार नाही म्हणाले. मी टेबलावर हात आपटला.

घरी आले तर कोयंड्यात कुलूप लटकत होतं. जुनं, माझं नव्हे. उघडं. अजून उघडं —

काढायला गेले तर निघत नाही.

१७ ऑक्टोबर, भर दुपार
कडी वाजली. बाहेर कोणी नाही. माझी चप्पल उलटी झाली. मग दुसरी. पाहत होते मी —

माठाचं झाकण —

सहा आकडे आले.

नाही सांगणार. खरेदीखत माझ्या नावाचं आहे. घर मायं आहे, मायं —

तो विचारून राहिला. आवाज नाही, तरी कळते. माणसं किती.

मी उठून उभी राहिले. पदर सावरला. काहून उभी राहिले मी? तीस वर्षांची खोड मेली —

एकटीच आहो जी. पाहुणे येत नाही जी. मटण नाही जी.

आता तो आकडे मागते. तोंड दाबून धरलं तं हातच लिहून राहिला — थांब — चार, शून्य, सात, सात, दोन,