सहा बाटल्यांची एक

३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तब्येत बरी असेल आणि कानातलं यंत्र कपाटात नव्हे, कानात असेल असं धरून चालते. फोनवर तुम्ही नुसतं हो हो म्हणता आणि माझं निम्मं बोलणं हवेत जातं, म्हणून हे पत्र.

मोठी बातमी अशी, की कारखान्याच्या मालकीणबाईंनी मला माझी स्वतःची बिअर करू दिली. धान्य मी निवडलं, कृती माझी, टाकीवर खडूनं नावही माझंच. कारखाना केवढा, तर आपल्या शेजारच्या गॅरेजएवढा. पण घरातली पहिली पदवी कुठेतरी कामाला आली म्हणायची.

आता तुम्ही हसाल. ह्या एका बाटलीच्या पैशात तुमच्या कंपनीच्या बिअरच्या सहा येतात. चांगलं धान्य, सावकाश आंबवणं, घाई न करणं आणि राबणाऱ्याला धड पगार, ह्या सगळ्याची ती किंमत आहे, असं मी गिऱ्हाइकांना समजावते. माझा त्यावर खरंच विश्वास आहे. पण लोक ग्लासाचा फोटो काढतात, छान आहे म्हणतात आणि निम्मा ग्लास टेबलावर सोडून जातात. ते ‘छान’ घेऊन मी काय करू?

म्हणून आपल्याकडे माल घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्या काकांबरोबर एक बाटली पाठवते आहे. तुम्ही आयुष्यभर कंपनीत उजेडाच्या पडद्यासमोर बसून पट्ट्यावरून धावत्या बाटल्यांतला कचरा शोधलात. तुमच्याइतकं खरं मला कोणी सांगणार नाही. चव कशी आहे ते मी मुद्दाम लिहीत नाही.

मालकीणबाई दोन वर्षांचा करार करायचा म्हणतात. मार्चअखेर कळवायचं आहे. बिअर त्या किमतीची असेल तर मी राहते. नसेल तर गाशा गुंडाळून घरी येते, शिकवण्या घेईन. निकाल तुमच्याकडे.

माझ्यावरची माया आणि रागावण्याचा हक्क दोन्ही शाबूत ठेवा.

तुमची,
मुंगी

---

२० फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र पोचले. बाटलीही पोचली. ट्रकवाल्याने ती पेपरात, मग टॉवेलात, मग स्वतःच्या स्वेटरात गुंडाळून आणली होती. मला वाटले तान्हे मूल आणले की काय.

एका बाटलीला सहांचे पैसे? झाकण सोन्याचे आहे का, म्हणून नखाने खरवडून पाहिले. पत्र्याचेच निघाले. तुझी आई असती तर तिने तुझ्या मालकिणीला चार शब्द सुनावले असते.

यंत्र कानात आहे. त्यातून हल्ली फक्त पंख्याचा आवाज येतो. बाकी बोलायला घरात आहे कोण! दुपारी जरा कंपनीच्या फाटकापर्यंत जातो. पहिली पाळी सुटली की ओळखीचे कोणी भेटते का बघतो. आता सगळी नवी पोरे आहेत. ती मला रस्ता चुकलेला म्हातारा समजतात.

आता बिअरचे. फार उत्तम आहे. सोनेरी रंग, ताजीतवानी चव, आणि प्रत्येक घोटात आनंद. किंमत वसूल. तेव्हा करारावर सही करून टाक, मनात काही आणू नकोस. मी मजेत आहे.

जेवण वेळेवर घे. आहेस तशीच गुणाची राहा.

तुझे बाबा

---

४ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा इतकी हुरळले की जिन्यातच बसून राहिले. दुसऱ्यांदा काहीतरी खटकलं. तिसऱ्यांदा कळलं.

बाबा, माझी बिअर काळी आहे. भाजलेल्या बार्लीची, कोऱ्या कॉफीसारखी. बाटली तपकिरी असल्यामुळे ते बाहेरून दिसत नाही. ग्लासात ओतली असती तर तुम्ही दचकला असता. आणि ‘सोनेरी रंग, ताजीतवानी चव, प्रत्येक घोटात आनंद’ हे तुमच्या कंपनीच्या लेबलावरचं वाक्य आहे! वाया गेलेल्या लेबलांचे कागद आणून तुम्हीच माझ्या वह्यांना कव्हरं घालायचात. दहावीपर्यंत मी ते वाक्य रोज वाचलं आहे. भूगोलाच्या तासाला तर दुसरं वाचायला काहीच नसायचं.

मी हसले, नाही असं नाही. पण मग फार एकटं वाटलं. इथे सगळे गोड बोलतात. तुम्हीही त्यांच्यात जाऊन बसलात?

इथलं मी तुम्हाला कधी नीट लिहिलं नाही. खोली टायरच्या दुकानावर आहे. रविवारी दुकान बंद, आमचं कामही बंद. तेव्हा मी उगीच किल्ली घेऊन कारखान्यात टाकीचं तापमान बघायला जाते. ते बघायची गरज नसते. आंबवण चालू असलं की टाकीच्या नळीतून बुडबुड आवाज येत राहतो. मी स्टूल ओढून शेजारी बसते. तेवढंच कोणीतरी बोलल्यासारखं.

म्हणून विचारते आहे. हे सगळं ज्या वस्तूसाठी करते, ती वस्तू तरी खरी आहे का, एवढंच मला कळू द्या. तुम्ही बाटली का उघडली नाहीत?

राग आहे, पण तुमच्यापेक्षा जवळचं कोणी नाही हेही तितकंच खरं.

तुमची,
मुंगी

---

१५ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पकडलेस. तुला शिकवून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. ओपनर दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला. कारण विचारतेस तर लिहितो, पण वाचून रडायचे नाही.

चांगली निघाली तर तू तिकडे राहणार. वाईट निघाली तर तू घरी येणार. मी उजेडाच्या पडद्यासमोर बसायचो तेव्हा बाटलीत खोट निघाली काय, न निघाली काय, माझे काही जात-येत नव्हते. म्हणून मी ते काम नीट केले. इथे तसे नाही ना. समजा बिअर चांगली आहे, तरी माझी जीभ तिला वाईट म्हणेल, अशी मला भीती वाटली. तू यावीस म्हणून. तुझी दोन वर्षे मी एका घोटात बुडवायची का? म्हणून न चाखताच चांगले लिहिले. वर्णन सुचेना. जे पाठ होते ते उतरवले.

बाप म्हणून हे बरोबर केले असे अजून वाटते. परीक्षक म्हणून मला काढून टाक.

कालपासून यंत्रातून पंख्याचाही आवाज येत नाही. बॅटरी बदलायला हवी.

मनात किल्मिष ठेवू नकोस.

तुझे बाबा

---

२९ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

रडायचं नाही म्हणालात ते जमलं नाही.

आज सकाळी मी करारावर सही केली. तुमच्या न चाखलेल्या कौतुकामुळे नाही. काल एका ग्लासात माझीच बिअर ओतली आणि गिऱ्हाइकासारखी टेबलावर बसून सावकाश प्यायले. मला ती आवडली. थोडी जास्त करपट आहे, पुढच्या वेळी बार्ली कमी भाजेन. आपल्याच कामाला आपण बरं म्हणायला मी इतके महिने का घाबरत होते, कोण जाणे. तुमच्यावर तो भार टाकायला नको होता.

सही झाल्यावर मालकीणबाईंनी पाठ थोपटली आणि त्या आपल्या मुलांना शाळेतून आणायला गेल्या. मग मी टाक्या धुतल्या. एवढाच समारंभ.

दोन वर्षं, बाबा. सुट्टी कमी मिळेल हे आधीच सांगून ठेवते. आता तुमच्या जिभेवर माझं काहीच अवलंबून नाही. चांगली म्हणा, वाईट म्हणा, मी इथेच आहे. तेव्हा बाटली उघडा. त्या किमतीची आहे की नाही, ते आता तरी खरं सांगा.

दूर असले तरी तुमच्याच हाताखालची समजा.

तुमची,
मुंगी

---

८ एप्रिल

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

काल दुपारी उघडली. गार करून घेतली होती. ओतल्यावर दचकलो, तू म्हणालीस तसा. डांबर पाठवलेस की काय वाटले. पहिल्या घोटाला तोंड वाकडे झाले. दुसरा घेतला तो खात्री करायला. मग खुर्ची खिडकीशी ओढली आणि घाई केली नाही. करपट आहे म्हणतेस, ती तशीच राहू दे. बार्लीला हात लावू नकोस.

किमतीचे म्हणशील तर महाग आहेच. माझ्यासारख्याने रोज घ्यावी अशी नाही. पण तुझ्या एकीच्या पैशात येणाऱ्या आमच्या सहा मी जन्मभर प्यायलो, त्यांतल्या एकीचीही चव मला आज सांगता येणार नाही. हिची संध्याकाळपर्यंत तोंडात होती. तेव्हा पैसे बरोबर आहेत. गिऱ्हाइकांना तू खोटे सांगत नाहीस.

तुला खरे हवे होते ना? वाईट निघावी अशी माझी फार इच्छा होती, मुंगे. नाही निघाली.

तुझे,
बाबा