कोम्बुचाचा चार्ज

३ मार्च
लेक आज दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेली. जाताना कोम्बुचाची बरणी माझ्या ताब्यात दिली. कोम्बुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं पेय. वर पांढरट, जाड चकती तरंगते, तिला स्कोबी म्हणतात. ती जिवंत असते म्हणे. ती मेली की धंदा बसला. लेकीला एका कॅफेची पहिलीच ऑर्डर मिळाली आहे, परत आल्या आल्या माल द्यायचा आहे.

चांगली नोकरी सोडून तिने हे सुरू केलं तेव्हा मी स्पष्ट शब्दांत नापसंती कळवली होती. तेव्हापासून या विषयात मला घरात कोणी काही विचारत नव्हतं. आणि आज बरणी माझ्या हातात. सौ.च्या नाही, माझ्या. यातून काय समजायचं ते ज्याने त्याने समजावं.

सूचना एकच. बाबा, हात लावू नका, फक्त लक्ष ठेवा. लक्ष ठेवणं म्हणजे सुपरव्हिजन. ते मी जन्मभर केलं आहे.

४ मार्च, सकाळी
लक्ष ठेवलं. बरणी अगदीच सुमार. काचेची. पूर्वी बिस्किटांची असावी. तोटी नाही, कड्या नाहीत, झाकणाच्या जागी फडकं आणि रबरबँड. दाढ दुखणाऱ्या माणसासारखी दिसते.

पॅकेजिंग डिपार्टमेंटमध्ये माझी हयात गेली. काय कशात भरावं हे मला शिकवू नये. सौ. म्हणाली की तुमच्या कंपनीत पुठ्ठ्याची खोकी होती, त्यात चहा कधी भरला होतात? म्हटलं, तत्त्व तेच असतं.

संकल्प: लेक येण्याआधी कोम्बुचाला शोभेल असं भांडं. तिने बघतच राहिलं पाहिजे.

६ मार्च
पिंप आणलं. चकचकीत, तोटीचं, दोन्ही बाजूंना कड्या. भांडीवाल्याला विचारलं, स्टीलच ना? तो म्हणाला, तुम्ही म्हणताय म्हणजे स्टीलच. असे समजूतदार दुकानदार हल्ली राहिले नाहीत.

सगळा माल पिंपात ओतला. चकती हाताने उचलावी लागली. गार, बुळबुळीत. सटकून सिंकमध्ये पडली. नळाखाली धरून धुतली. आधी ती कोणी धुतली असेल असं वाटत नाही.

सौ.ने आठवण करून दिली की हात लावायचा नव्हता. मी म्हटलं, याला हात लावणं म्हणत नाहीत, स्थलांतर म्हणतात.

८ मार्च
तोटीतून सॅम्पल काढलं. रंग करडा. चव जुनी किल्ली चोखल्यासारखी. लोह असणार, शरीराला लागतंच.

खालच्या मजल्यावरच्या डेंटिस्टबाईंनी सौ.जवळ अक्कल पाजळली. म्हणे, आंबट पदार्थ धातूला खातो, काचच बरी. बाईंनी दातांपुरतं बघावं. त्यांच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्यांबद्दल मी कधी काही बोललो आहे का?

९ मार्च
पिंप आतून काळं पडलं. तोटी गळते, ओट्यावर डाग. भांडं बदलतो आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या निरीक्षणावरून.

आता प्लास्टिकचा मोठा डबा. हलका, पडला तरी फुटत नाही, काचेला हे जमणार आहे का? यात पूर्वी कपड्यांची पावडर असायची. घासून घासून धुतला. लॅव्हेंडरचा वास काही जात नाही. असू दे. लोक फ्लेवर मागून घेतात.

११ मार्च
फेस. प्रचंड फेस. आंबण्याचा की पावडरचा, यावर घरात मतभेद.

पुन्हा भांडं बदललं. या वेळी काच घेतली, पण माझ्या पसंतीची. उंच बाटली, निमुळती मान, क्लिपचं घट्ट झाकण. आता याला म्हणतात पॅकेजिंग. चकती मानेतून आत जाईना. घडी घातली, लाकडी चमच्याच्या दांड्याने ढकलली. फाटली. म्हणजे आता दोन झाल्या. उत्पादन दुप्पट.

१३ मार्च, दुपारी
झाकण उडालं. मी शेजारीच पेपर वाचत होतो. छताला डाग, भिंतीवरचं घड्याळ बंद, सौ.च्या नव्या पर्सची वाट लागली. फडकं का बांधतात ते कळलं. आत गॅस तयार होतो, त्याला बाहेर पडायला जागा लागते. हे मला आधी कोणी नीट सांगायला नको?

सौ.ने स्टूल आणलं, ओलं फडकं माझ्या हातात दिलं आणि आत गेली. बोलली असती तर मी उत्तर तरी दिलं असतं.

१४ मार्च
लेकीचा फोन. तिने विचारलं, आंबट वास येतोय का? म्हटलं, घरभर. वाढतेय का? म्हटलं, एकीच्या दोन झाल्या. यातला एकही शब्द खोटा नाही. ती म्हणाली, थँक्यू बाबा.

रात्री जेवण गेलं नाही. हवा बदलली आहे.

१५ मार्च
निर्णय: उरलेले तुकडे मूळ बरणीत परत. ही माघार नव्हे, फेरआढावा. बरणी निर्जंतुक हवी म्हणून तिच्यात उकळतं पाणी ओतलं. टच् असा आवाज झाला. तळ ओट्यावर, बाकीची बरणी माझ्या हातात. तिच्या दर्जाबद्दल मी पहिल्यापासून सांगत होतो.

संध्याकाळी
भीती वाटते आहे. लिहायला हरकत नाही, हे वाचतंय कोण. तिची ऑर्डर बुडणार. आणि ती मला पुन्हा काही सांगणार नाही. तिने नोकरी सोडली तेव्हा निदान नुसतं तोंड माझं होतं. या वेळी हात माझे आहेत.

१६ मार्च
नवी बरणी. साधी, काचेची, रुंद तोंडाची. ताजा चहा, साखर, दोन तुकडे, वर फडकं. तुकडे तळाशी गेले. उद्यापर्यंत वर येतील. न यायला काय झालं?

१७ मार्च
आले नाहीत. लेक आली.

मी दारातच सुरुवात केली. धातू, प्लास्टिक, काच, तुलनात्मक अभ्यास, निष्कर्ष. तिने बूट काढता काढता सगळं ऐकून घेतलं. छताकडे एकदा बघितलं. मग खाली डेंटिस्टबाईंकडे गेली आणि काचेची भलीमोठी बरणी छातीशी धरून वर आली. फडकं, रबरबँड. आत जाड, गोल, पांढरीशुभ्र चकती. ऑर्डरचा माल तयार. जायच्या आदल्या दिवशीच ती बरणी खाली ठेवून आली होती. माझ्याकडे दिलेला होता तो चकतीचा जास्तीचा थर. असा थर दर वेळी सुटतो, ती टाकून देते. सौ.ला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं.

मी म्हटलं, मग मला दिलंस कशाला? ती म्हणाली, बाबा, तुम्ही लक्ष ठेवल्याशिवाय राहणार नव्हतात. म्हणून कशावर तरी ठेवू दिलं.

चिडायचं ठरवलं होतं. पण माल वाचला होता, आणि मला इतकं हायसं वाटलं की चिडायचं राहून गेलं. उद्या चिडेन.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा आठवडाभर जाणार आहे. मी विचारलं, तेव्हा माझ्याकडे काय? तिने बरणीवरचं रबरबँड नीट बसवलं. मग म्हणाली, बाबा, मला बसस्टॉपवर सोडायला या.

जाणार आहे. बस कोणती पकडायची, ते मात्र मी ठरवीन.