गोळी बंद ठेवलेले महिने

१३ जानेवारी
मुंबईहून आत्ता परतलो. पोटऱ्यांत गोळे, पापण्या सुजलेल्या. गोळीचं हे रोजचंच, तक्रार नाही. आजाराच्या जीनच्या रिपोर्टात पुन्हा तेच दोन शब्द: आढळले नाही. दोन वर्षं प्रत्येक खेपेला हेच.

निलेश पिकअप लावायला जागा शोधत होता. तेवढ्यात डॉक्टरबाईंनी फाईल मिटली आणि आपणहून विचारलं, "वैशाली, मूल हवंय का?"

मागच्या खेपेला हेच विचारायला गेले होते. जीभ रेटली नव्हती.

गोळी चालू असताना नाही, बाळात व्यंग येऊ शकतं. आधी गोळी थांबवायची, मग दर महिन्याला रक्त तपासायचं. आजार परत आला तर गोळी परत. "बहुतेकांचा पुन्हा ताब्यात येतो." बहुतेकांचा.

येताना निलेश भेंडीच्या भावाचं बोलत होता. मी नुसतं हूं हूं.

१५ जानेवारी, संक्रांत
शेजारची बेबीताई वाण घ्यायला आली. "किती गोरी झालीस गो! कंची क्रीम लावतंस?" गोळीनं रंग उतरतो हे तिला सांगून सांगून थकले. आज सासूबाईंनीच तिच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "रक्ताच्या कॅन्सरची क्रीम हाय ती. देऊ तुला?" बेबीताईनं तीळगूळ तोंडात टाकला. मला हसू आवरेना.

संध्याकाळी मळ्यात निलेशला सांगितलं, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते. भेंडीच्या कुसळांनी हात खाजत होते त्याचे, खाजवत उभा राहिला.
"तुला काय वाटतं?"
"मला काय वाटायचंय? अंग तुझं, तू ठरव."
आणि मोटार बंद करायला गेला. मोटार बंदच होती.

१८ जानेवारी
आज सासूबाईंना सांगितलं.

त्यांना सांगणं सगळ्यात अवघड. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझं पोट दिसायला लागलं होतं, पाळीही चुकलेली. त्यांनी डिंकाचे लाडू केले, गल्लीत सगळ्यांना कळलं. शहापूरला सोनोग्राफी केली तर बाळ नव्हतंच. पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजून बेंबीपर्यंत आली होती. मग रक्त तपासलं, मग मुंबई. तिथल्या हॉस्पिटलच्या पायरीवर मला मांडीवर घेऊन बसायच्या. उरलेले लाडू कुणी खाल्ले, की फेकले, मी कधी विचारलं नाही.

वाल निवडत होत्या. ऐकून घेतलं सगळं.
"नको."
"आई, मला..."
"मला नातू नको. जी सून हाय ती राहू दे. निलेशनं सांगितलं काय तुला?"
"नाय. मलाच पायजे."
सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघत राहिल्या, जणू घरात कुणी नवीनच आलंय. मग उठून विहिरीवर गेल्या. वाल मीच निवडले.

३० जानेवारी
म्हसा. जत्रेला मी आणि निलेश दोघंच. बैलबाजार आटपत आला होता, धूळच जास्त. त्यानं आईला घोंगडी घेतली. मग पिकअपमध्ये बसून खाजा खाल्ला. मी म्हटलं, तू बोलत नाहीस तोवर मला ठरवता येत नाही. बराच वेळ काच पुसत बसला. काच साफ होती.

"मला पोर पायजे," म्हणाला. "लय पायजे. पण तुझ्या बदल्यात नाय. दोन्ही एकदम कसं बोलायचं, म्हणून गप व्हतो."

इतकी वर्षं झाली लग्नाला, एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच.

७ फेब्रुवारी
आजपासून गोळी बंद. डॉक्टरबाईंनी तारीख ठरवून दिली. जेवण झालं, गोळीसाठी भरायचा तो मोठा पेला सवयीनं भरला. तसाच तुळशीला घातला.

भीती वाटते. आणि हलकंही. दोन्ही.

२२ फेब्रुवारी
खांदे, कंबर, मनगटं, सगळे सांधे ठणकतायत. वेणी घालता येईना. आलाच परत. डोक्यात दुसरं काही नाही. सासूबाईंना दिसू नये म्हणून भाकऱ्या उभ्यानं थापल्या, बसलं की उठता येत नाही. पण त्यांना दिसतंच. परात ओढून घेतली माझ्याकडून.

निलेशनं फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळी थांबवल्यावर पुष्कळांना असं होतं, आजार नव्हे, हळूहळू जाईल. फोनवर त्यांचा आवाज घाईचा होता. खरं सांगतायत ना?

शेतात राब भाजणं चालू आहे, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळतायत. धूर घरात भरलाय.

११ मार्च
पहिला रिपोर्ट. आढळले नाही. सांधेदुखीही कमी आहे. निलेशनं हॉर्न वाजवत पिकअप अंगणात आणली. सासूबाई म्हणाल्या, "कोंबड्या मारशील." पण आज बिरडं केलं त्यांनी, माझ्या आवडीचं, भरपूर खोबरं घालून.

१४ एप्रिल
आढळले.

एकच शब्द, पुढचा "नाही" गायब. अगदी थोडं, मर्यादेच्या खूप आत, असं डॉक्टरबाई. "असं थोडं वरखाली होतं. थांबायचं की पुढं जायचं, तुम्ही दोघं बोला. मर्यादा ओलांडली तर मात्र मी गोळी सुरू करणार."

पहिल्या वर्षी निलेशनं हा आजार आईला समजावला होता तो आठवतो. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटलाय समज. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बनवायची मोटार बंदच होत नाही. गोळी काय करते, तर तो एक स्टार्टर धरून ठेवते. बाकी घराच्या वायरिंगला हात लावत नाही. केमोसारखं सगळं जाळत नाही. डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या, म्हणाल्या, अगदी बरोबर.

आता ते धरणारं कुणी नाही.

१२ मे
मागच्या महिन्याइतकंच. वाढलं नाही, गेलंही नाही. दोघांनी ठरवलं, अजून थोडे दिवस. ठरवलं म्हणजे मी म्हटलं, तो मान हलवून पिकअपचं बॉनेट उघडायला गेला.

विहीर तळाला गेलीये. भेंडीचा हंगाम कधीच संपला. तो आता लोकांची भाडी मारतो, आसनगाव, कल्याण, जिकडं मिळेल तिकडं. घरात मी आणि सासूबाई. लोणच्याच्या कैऱ्या फोडल्या दोघींनी. एकदाच म्हणाल्या, "तुला झोप लागते का गो?" मी हो म्हटलं.

२ जून
पाळी चुकून आठवडा झाला. मुरबाडहून पट्टी आणली. दोन रेघा. पट्टी उजेडात धरून पाहिली, मग बाहेर जाऊन उन्हात पाहिली.

मागे एकदा फसलोय आपण, म्हणून कुणाला न सांगता शहापूरला जाऊन यावं असं वाटलं. पण निलेश दारातच उभा होता. माझ्या तोंडाकडं बघून त्याला कळलं. खाली बसला, तिथंच उंबऱ्यावर. रडला. मी नाही रडले. मला आत खूप शांत वाटत होतं. असं कधी वाटलं नव्हतं.

महिन्याचं रक्त कालच दिलंय.

६ जून
मर्यादा ओलांडली.

फोनवर डॉक्टरबाईंनी आकडा सांगितला, आजपासून गोळी म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, मला दिवस गेलेत. मग त्या म्हणाल्या, "समोर या. दोघंही या."

७ जून
भांडण. आमच्यात असं भांडण कधी झालं नव्हतं.

"गोळी चालू कर. उद्यापासनं."
"बाळ आहे."
"बाळ अजून काय हाय? एवढासा ठिपका. म्हशाच्या जत्रेत मी काय बोललेलो? तुझ्या बदल्यात नाय, बोललेलो का नाय?"
"अजून तसं कुठं झालंय?"
"व्हायची वाट बघू?"

मी म्हटलं, पिकअपचा टायर आहे का हा, बदलायला. नको ते बोलले. त्यानं जेवणाचं ताट सरकवलं आणि बाहेर गेला. सासूबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसून होत्या. त्या त्याच्या बाजूनं बोलतील असं वाटलं होतं. बोलल्या नाहीत. माझ्या बाजूनंही नाही.

११ जून
तिघं गेलो. सासूबाई स्वतःहून पिकअपमध्ये चढून बसल्या, "मी येतंय." त्या हॉस्पिटलात एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा. पायऱ्यांपाशी थबकल्या, मग माझा हात धरून चढल्या. मी त्यांना धरलं की त्यांनी मला, माहीत नाही.

सोनोग्राफी झाली. या वेळी बाळच आहे. ठोके आहेत.

डॉक्टरबाईंनी आडवळणानं सांगितलं नाही. एक वाट: गर्भ पाडायचा, गोळी सुरू. दुसरी: गोळीशिवाय पुढं जायचं. रक्तातल्या पेशी अजून नॉर्मल आहेत. वाढल्या तर आठवड्यातून तीनदा इंजेक्शन, ते बाळाला चालतं, पण गोळीसारखं नेमकं नाही, अंगालाही जड. धोका आहे. किती, ते आज सांगता येणार नाही. "तुझ्यासारख्या बायका नीट बाळंत झालेल्या मी पाहिल्यात. आणि सगळ्याच झाल्या नाहीत, हेही खरं."

सासूबाईंनी विचारलं, "तुमची पोर असती तर?"
डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी तिला गोळी घे म्हणून सांगितलं असतं. तिनं ऐकलं असतं की नाही, ते मला माहीत नाही."

बाहेर निलेश भिंतीकडं तोंड करून उभा. सासूबाई मला म्हणाल्या, "तू ऐकायची नायस."
"नाय आई."
"मग जेव तरी नीट."

२१ जुलै
आवणी, भाताची लावणी. मला चिखलात उतरू देत नाहीत. बांधावर बसून चहाची किटली सांभाळते. बेबीताई म्हणाली, काळी पडलीस गो, उन्हानं काय? गोळी बंद झाल्यापासून रंग परत येतोय. माझा रंग मला बरा वाटतो.

पेशी वाढायला लागल्यात. परवापासून इंजेक्शन. मुरबाडच्या दवाखान्यातली नर्स देईल. बर्फाच्या डब्यातून आणायचं काम निलेशचं. आणीन म्हणाला. एरवी नुसतं "हे घे," "निघू," "बस." तेवढंच.

२८ जुलै
प्रत्येक इंजेक्शननंतर ताप. थंडी वाजते, दात वाजतात. सासूबाई दोन गोधड्या टाकून वर स्वतः रेलून बसतात. आज तापात वाटलं, निलेश म्हणत होता तेच खरं असेल तर? मी कुणासाठी हट्ट करतेय? बाळासाठी नाही, बाळाला काय कळतंय. मला आई व्हायचंय म्हणून. आणि मी गेले तर ते कुणाच्या

नाही लिहीत.

१८ ऑगस्ट
पेशी थांबल्या. इंजेक्शन लागू पडतंय. पण तो दुसरा आकडा, जीनचा, खाली आलेला नाही, जरा वरच सरकलाय. डॉक्टरबाई: "बाळंतपणापर्यंत नेता आलं की लगेच गोळी. मग अंगावर पाजता येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते." ते ऐकून इतकं वाईट का वाटावं? जगायची खात्री नाही आणि मी दुधासाठी रडतेय.

निलेश गाडीत म्हणाला, "पावडरचं दूध मिळतं." दोन महिन्यांत पहिल्यांदा बाळाचं काही बोलला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. हो म्हटलं असतं तर तोही रडला असता आणि गाडी कोण चालवणार?

१९ सप्टेंबर
गणपती गेले. भात पोटरीत आलंय, लोंबी बाहेर पडायची बाकी. काल रक्त देऊन आलो. या वेळचा रिपोर्ट मोठा, त्यावर पुढचं ठरणार. आकडा असाच चढत राहिला तर काय, हे निलेशनं काल स्वतः विचारलं, "दोघांतलं एकच म्हटलं तर, मॅडम?" त्या म्हणाल्या, तशी वेळ आलेली नाही. आली तर लपवणार नाही.

आज दुपारी पडवीत आडवी होते. आधी वाटलं पोटात वारा धरलाय. मग परत. आतून कुणी बोटाच्या टोकानं हळूच ढकलावं तसं. उठून बसले, थांबलं. आडवी झाले, परत.

निलेश अंगणात पिकअप धूत होता. हाक मारली. घाबरून ओल्या हातानं धावत आला, "काय झालं?" त्याचा हात घेतला आणि ठेवला.
"काय?"
"हललं."
हात गार होता, पाणी माझ्या साडीत उतरत होतं. तो श्वास धरून बसला. आत काहीच नाही, सगळं गप्प.
"मला नाय लागत," म्हणाला.
"लागेल. अजून लहान आहे."
त्यानं हात काढला नाही. बाहेर नळीतून पाणी वाहत होतं, अंगणभर झालं. सासूबाई ओरडल्या, पाणी बंद कर रे. तो उठला नाही.

रिपोर्ट परवा.