बोडीचा कोपरा

गुरुवार, हैदराबाद

म्हणे लायब्ररीवाल्या मॅडमनं मीनाले बिघडवलं! बाबांचं आठ दिवसांपासून हेच चालू आहे. काय बिघडवलं? पुस्तकं वाचायला दिली, अन् गावच्या बोडीची, त्या लहान तळ्याची, माहिती शोधायला लावली. मीनानं, माझ्या लहान बहिणीनं, तलाठ्याकडं जुना नकाशा पाहिला, म्हाताऱ्यांना विचारलं. निघालं काय, तर बोडीचा एक कोपरा बुजवून आमच्याच धानाच्या बांधीत, शेतात घेतलेला. उद्या शाळेत ती हे सगळ्यांसमोर वाचणार.

आज फोनवर रडत होती. "दादा, बाबा म्हणते वाचलं तर शाळा बंद. तो कोपरा गाळून टाकू का?"

मी काय सांगू? त्या कोपऱ्यात माती टाकली तेव्हा टोपली माझ्याच डोक्यावर होती. तेव्हा मी सातवीतून शाळा सोडली होती. ती जागा बोडीची, हे मले कुठं माहीत होतं? खोटं कशाला लिहू, माहीत होतं.

"काही गाळू नको," म्हटलं. "बाबाले फोन दे."

बाबा तडकलेच. "कोपरा सोडला तर दोन पोते धान जाते! तू देशील काय?"

"देतो. पण तिले वाचू द्या."

बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. सकाळी ती शाळेत निघायच्या आत पाठवतो. दोन पोत्यांचे साडेतीन हजार.