काचेवरची दुसरी किंमत

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटारविक्री, बाजारात ‘शेठ’ आणि घरात ‘दादा’ म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. हृदय ठिकाणावर नाही, त्याचाही दाखला जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीला पाडलेले नाही. यापूर्वी केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. का, ते तिसऱ्या कलमात येईल.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. पहिला आमच्या वर्कशॉपचा फोरमन, तो तयार आहे. दुसरा कोण ते मी ठरवले आहे, पण त्याने अजून ठरवलेले नाही. पाच वाजेपर्यंत त्याची वाट पाहायची, नाहीतर वकीलबाईंचा कारकून सही करील. कायद्याला दोन्ही सारखेच.

कलम १. राहते घर, वरच्या मजल्यासह, माझ्या मुलीला. आईच्या आजारपणात तिने नोकरी सोडून वर्षभर जे केले, त्याची ही परतफेड नव्हे. ती होणारही नाही. जिन्याची तिसरी पायरी सैल आहे. तीस वर्षे मी ‘उद्या बसवतो’ म्हणत आलो. तिने ती बसवून घ्यावी.

कलम २. मोटारींचे दुकान, मागचे बारा लिफ्टचे वर्कशॉप आणि आवार माझ्या मुलाला. अट एकच: विकायच्या गाडीच्या काचेवर एकच किंमत असावी. वकीलबाई म्हणाल्या, “शेठ, ही अट कोर्टात टिकायची नाही.” टिकणार नाही हे मलाही कळते. मुलाने ती एकदा वाचावी, एवढ्यासाठी लिहिली आहे.

कलम ३. हे कलम कोणाला काही देत नाही. वकीलबाईंनी ते गाळायला सांगितले होते.

नऊ वर्षांपूर्वी नखाएवढ्या एका सुट्या भागाचा पुरवठा आटला आणि मोटारींचे कारखाने थांबले. आमच्या आवारात ऐंशी गाड्या उभ्या असत, तिथे तीन उरल्या. मोकळ्या जागेत पहारेकरी दोरी बांधून कपडे वाळत घालू लागला. गिऱ्हाईक मात्र दुप्पट. तेव्हा मी काचेवर कंपनीच्या किमतीशेजारी दुसरी चिठ्ठी लावली: ‘बाजारभाव समायोजन, शेकडा अठरा’. ‘समायोजन’ हा शब्द आमच्या विक्रेत्याचा, ज्याला सगळे गोडबोल्या म्हणतात. हुकूम माझा. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. त्या तीन वर्षांत हरी रांग लावून उभे होते आणि गाढव मी.

दुकान तेव्हा माझ्या एकट्याचे नव्हते. माझा धाकटा भाऊ निम्म्याचा भागीदार होता. वह्या मी सांभाळायचो, माणसे तो. नंबर लावून घेणे, गाडी आली की कळवणे, चावी हातात देणे, सगळे त्याच्याकडे.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी सरकत्या दाराची गाडी नोंदवली होती. त्यांचा नवरा चाकांच्या खुर्चीत. आठ महिन्यांत त्या पाच वेळा आल्या आणि दर वेळी गळ्यातली टेप काढून नमुन्याच्या गाडीचे दार मोजून गेल्या, जसे काही ते धुतल्यावर आटणार होते. धाकट्याने त्यांना शब्द दिला होता, की नोंदवली त्याच भावात गाडी मिळेल.

गाडी आली त्या दिवशी नवरा-बायको ठेवणीतले कपडे घालून आली. काचेवर मी चिठ्ठी लावून ठेवली होती. बाईंनी ती दोनदा वाचली.

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“तेव्हा हा भाव नव्हता,” मी म्हणालो.

नवरा म्हणाला, “चल गं. घरी जाऊ.”

खुर्ची बसमध्ये चढेना. दोघे समोरच्या फुटपाथवर तासभर थांबले होते. माझ्या केबिनची काच मोठी आहे, मला सगळे दिसत होते. शेवटी धाकट्याने एक टेम्पो थांबवला, माणसासकट खुर्ची उचलून आत ठेवली आणि तो वर आला.

“दादा, मी शब्द दिला होता त्यांना.”

“शब्द तुझा होता. दुकानाचा नव्हता.”

“दुकान दोघांचं आहे ना?”

“आजपासून नाही.”

ती गाडी त्याच संध्याकाळी एका कंत्राटदाराने नेली. त्याच्या दारात आधीच तीन होत्या.

पुढे मी सगळ्यांना सांगत आलो, की भाऊ राजीखुशीने वेगळा झाला. आधीच्या दोन्ही मृत्युपत्रांत तसेच लिहिले आहे. ते खोटे आहे. मी त्याला काढले. त्याच्या हिश्श्याचा चेक पाठवला, तो त्याने वटवला नाही. मुदत संपली की मी नवा पाठवायचो, असे चार झाले. त्याने पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज काढले. पहिल्याच वर्षी एक जुनी व्हॅन घेऊन, मागची बाजू कापून तिला रॅम्प बसवला आणि ती शिवणकामवाल्या बाईंना हप्त्यांनी दिली.

माझी बायको शेवटपर्यंत तिची गाडी त्याच्याच गॅरेजला नेत असे. घरचे बारा लिफ्टचे वर्कशॉप, आणि सर्व्हिसिंग दिराकडे! बाजारात माझे हसे व्हायचे. मी चिडलो की म्हणायची, “भाऊजी बिलात लिहितात तेवढंच घेतात. तुमच्याकडे मला परवडत नाही.” ती गेली तेव्हा तो दवाखान्यात आला होता. मी बसलो होतो त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, माझ्या मुलीशी बोलला, माझ्याशी नाही. तोवर मला त्याचा राग होता. त्या बाकावर पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

कलम ४. त्या तीन वर्षांच्या वरच्या पैशातून घेतलेला नदीपलीकडचा जमिनीचा तुकडा विकावा आणि ज्यांचे पैसे त्यांना द्यावेत. नावे केबिनच्या कपाटातल्या निळ्या वहीत आहेत. कोणी वारले असेल तर वारसांना शोधावे. कंत्राटदारालाही द्यावेत, तो मोजून घेईल.

शिवणकामवाल्या बाई त्या वहीत नाहीत, कारण त्यांच्याकडून घ्यायला मला काही मिळालेच नाही. सर्वांत जास्त बिघडवले ते त्यांचे आणि पावती त्यांचीच नाही. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मशीन थांबवले नाही, पण बसायला स्टूल दिले. मी काय ते बोललो. त्या म्हणाल्या, “गाडी आहे आम्हाला. माझ्यासाठी काही ठेवू नका. भावाला विचारलंत का कधी, त्याला काय हवंय?”

कलम ५. विचारले. स्वतः जायची हिंमत झाली नाही, फोरमनला पाठवले. निम्मे दुकान घे, जमीन घे, म्हणशील ते घे. उलट निरोप आला: “दादाला सांग, त्याच्या पैशाला मी हात लावणार नाही. मेल्यावरसुद्धा नाही.” कोण मेल्यावर, ते फोरमनने विचारले नाही.

मग एके दिवशी वकीलबाई मला साक्षीदारांचे नियम समजावत होत्या. साक्षीदार वाटेकरी असता कामा नये. जो साक्ष करील त्याला या कागदातून छदामही घेता येणार नाही. त्या पुढेही बरेच बोलल्या, मी ऐकले नाही.

सबब, माझ्या धाकट्या भावाला मी काहीही ठेवलेले नाही. चुकून राहिले असे कोणी समजू नये आणि मुलांनी मागाहून कळवळ्याने देऊ नये. त्याला फक्त निरोप धाडला आहे, की गुरुवारी वकीलबाईंकडे साक्ष करायला ये. मला तो एकदा समोर बसलेला पाहायचा आहे. माझी दुसरी काही इच्छा आता उरलेली नाही.

कलम ६. किरकोळ. टॉर्क पान्यांची पेटी फोरमनला कालच हातात दिली, कारण साक्षीदाराला नंतर देता येत नाही. ‘समायोजन’ छापायचा रबरी शिक्का गोडबोल्याला. त्याच्यावर राग नाही, पण तो त्याने स्वतःच्या घरात ठेवावा. माझ्या तसबिरीला दुकानात जागा देऊ नये. गिऱ्हाइकांना आधीच पुष्कळ सोसावे लागले आहे.

पुरवणी, सहीपूर्वी. पाचला सात मिनिटे असताना धाकटा आला. कामावरूनच आला होता. कारकुनाकडे फडके मागून हात पुसले. सगळा कागद त्याने उभ्याने वाचायला घेतला आणि तिसऱ्या कलमाशी खुर्ची ओढून बसला. ते कलम त्याने परत पहिल्यापासून वाचले. कागद खाली ठेवून म्हणाला, “यात माझ्या नावावर काय आहे?”

“काही नाही,” मी म्हणालो.

त्याने वकीलबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “खरंच नाही. साक्षीदाराला काही मिळत नाही.”

“मग दे पेन.”

मी म्हणालो, आधी मला सही करू दे, त्याआधी एवढे लिहू दे. वकीलबाई म्हणतात, हा मजकूर मृत्युपत्रात बसत नाही. न बसो. तो समोर बसला आहे आणि मी लिहीत आहे.

स्थळ: वकीलबाईंची कचेरी, दुसरा मजला.
दिनांक: १४ मार्च, गुरुवार, सायंकाळचे पाच वाजून दहा मिनिटे.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) फोरमन, वय अठ्ठावन्न. शेठनी माझ्यादेखत सही केली.

साक्षीदार दुसरा: (सही) गॅरेजवाला, वय त्रेसष्ट, लिहून ठेवणाराचा सख्खा भाऊ. सही वाकडी आली आहे, पण ती दादाचीच आहे. कागद हलू नये म्हणून मी धरला होता.